मार्कोस नेमकं काय करतात? भाच्याच्या एका प्रश्नावरून

रत्नांगी

गेल्या आठवड्यात भाचा जेवता जेवता म्हणाला, "मावशी, मला मार्कोस व्हायचंय." बारावीत आहे. मार्कोस म्हणजे नौदलाचे कमांडो. मी विचारलं, ते काय करतात रे? त्याने मोबाईलवर रील दाखवलं. तोंडाला काळा रंग फासलेला एक माणूस बंदूक घेऊन पाण्यातून हळूच वर येतो. मग पुढे? "पुढे अतिरेक्यांना मारतात." त्याला एवढंच ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तेवढंच ठाऊक होतं.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं जहाज अरबी समुद्रातच होतं. ५ तारखेला टीव्हीवर बातमी लागली की 'लीला नॉरफोक' नावाच्या मालवाहू जहाजावर चाचे चढलेत, सोमालियाच्या पूर्वेला, खोल समुद्रात. २१ खलाशी, त्यातले १५ भारतीय. भावाचं जहाज वेगळं होतं, हे आईला मी चार वेळा सांगितलं, तरी देवापुढचा दिवा तिने रात्रभर विझू दिला नाही.

नौदलाची आयएनएस चेन्नई तिकडे वळली, वरून गस्ती विमानाची नजर होती. मार्कोस जहाजावर चढले तेव्हा चाचे आधीच निघून गेले होते. कमांडोंनी केबिन, स्टोअर, इंजिन रूम असं सगळं तपासलं, आणि आत कोंडून घेतलेली २१ माणसं सुखरूप बाहेर आली. त्या रात्री आईने मला विचारलं, "म्हणजे लढाई झालीच नाही?" नाही झाली. पण त्या २१ घरांत जे झालं ते लढाईपेक्षा कमी नव्हतं.

तेव्हापासून या दलाबद्दल मिळेल ते वाचते आहे. थोडक्यात मांडते, जाणकारांनी भर घालावी.

फेब्रुवारी १९८७ मध्ये 'इंडियन मरीन स्पेशल फोर्स' म्हणून हे दल उभं राहिलं. १९९१ मध्ये 'मरीन कमांडो फोर्स' हे नाव मिळालं आणि त्यावरून मार्कोस. मुंबईतला आयएनएस अभिमन्यू हा त्यांचा मुख्य तळ. विशाखापट्टणमला २०१६ मध्ये आयएनएस कर्ण हा खास त्यांच्यासाठीचा तळ सुरू झाला. शत्रूच्या बंदरात शिरून जहाजाला स्फोटकं लावणं, फौज उतरवायच्या आधी किनाऱ्याची टेहळणी करणं, पळवलेल्या जहाजावर चढून ओलीस सोडवणं, समुद्रातली तेलफलाटं परत ताब्यात घेणं ही त्यांची कामं. शिवाय पाण्याच्या कडेने जिथे जिथे अतिरेकी वावरतात तिथे त्यांच्या मागावर राहणं.

रीलमध्ये यातलं फक्त शेवटचं दिसतं. भाच्याला बाकीचं कसं सांगू?

सेकंडमेट_विजयदुर्ग

ताई, तुमच्या आईंची ती रात्र आमच्याही घरी झाली आहे. जहाजावरच्या बाजूने सांगतो.

ज्या जागेत त्या माणसांनी कोंडून घेतलं तिला आम्ही सिटाडेल म्हणतो. बहुतेक जहाजांवर स्टिअरिंग गिअर रूम किंवा इंजिन रूमचा भाग त्यासाठी ठरवलेला असतो. आत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, औषधं, सॅटेलाइट फोन. सराव दर फेरीला होतो. अलार्म झाला की ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतला, माणूस इंजिन बंद करतो, धोक्याचा संदेश जातो, आणि सगळे खाली धावतात. आत पोचल्यावर पहिलं काम मोजणी. एकदा, दोनदा, तीनदा. इंजिन रूमच्या उकाड्यात घाम डोळ्यांत जातो, बोटांनी डोकी मोजायची.

मोजणीला एवढं महत्त्व का, ते भाच्याला जरूर सांगा. नौदलाचे कमांडो वर चढण्याआधी तीन गोष्टींची खात्री करतात. सगळेच्या सगळे खलाशी सिटाडेलमध्ये आहेत का? त्यांच्याशी थेट बोलणं होतंय का? आणि चाच्यांना जहाज चालवता येऊ नये अशी सोय झाली आहे का? एक जरी माणूस बाहेर राहिला तर तो ओलीस, आणि मग सगळंच गणित बदलतं. लीला नॉरफोकच्या खलाशांनी शिस्त पाळली म्हणून मार्कोसना त्या जहाजावर तसं चढता आलं. श्रेय दोघांचं आहे.

मंदार_कोथरूड

धागा आवडला. एक शंका: २६/११ ला ताज हॉटेलमध्ये एनएसजीचे कमांडो होते ना? मग मार्कोसचं नाव का येतं? आणि त्या वेगवान बोटींतून बंदराजवळ फिरणारे जवान दिसतात, तेही मार्कोसच का?

कारंजेकर

मंदारभाऊ, बोटींचं आधी सांगतो, आमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. ते सागर प्रहरी बल. २६/११ नंतर, २००९ मध्ये ते उभारायचं ठरलं. नौदलाची बंदरं आणि तळ सांभाळणं हे त्यांचं काम, त्यासाठी त्यांना वेगवान बोटी दिल्या. समुद्रात पुढे तटरक्षक दल, आणि किनाऱ्यालगत सागरी पोलीस. चौघांचे गणवेश वेगळे, कामं वेगळी. आमचा समाज मासेमारी करतो, आमची कागदपत्रं यातल्या तिघांनी तपासलेली आहेत. मार्कोसनी कधीच नाही. त्यांचं काम कागद बघण्याचं नाही.

ताजमध्ये एनएसजी दिल्लीहून पोचायच्या आधी, मध्यरात्रीनंतर, मुंबईतले मार्कोस आत गेले होते. शहरातलं ते सर्वांत जवळचं विशेष दल, म्हणून बोलावणं आलं. हॉटेलचा नकाशा धड हातात नाही, आत अंधार, धूर, आणि पाहुणे किती नि कुठे याचा पत्ता नाही. प्रवीणकुमार तेवतिया तुकडीच्या पुढे होते. अंधाऱ्या खोलीत शिरताना त्यांना चार गोळ्या लागल्या, एका कानाचं ऐकणं गेलं. त्यांना शौर्यचक्र मिळालं, आणि पुढे तोच माणूस लांब पल्ल्याच्या शर्यती धावला. त्या चकमकीत अतिरेकी तिथून मागे हटले, आणि जवळच चेंबर्स या हॉटेलमधल्या क्लबमध्ये अडकलेल्या पाहुण्यांना बाहेर काढता आलं. नंतर एनएसजीने मोहीम पूर्ण केली. दोघांचं काम एकमेकांपुढे तोलू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मनाला एक गोष्ट अजून लागून राहिली आहे. २६/११ चे ते दहा अतिरेकी 'कुबेर' या मासेमारी बोटीवरून आले, आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरला उतरले तेव्हा आमच्याच माणसांनी त्यांना हटकलं होतं. कोळ्याची नजर चुकत नाही. पुढे ती नजर कामाला लावायची सोय तेव्हा नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा सगळा किनारा सावध झाला, शाळा बंद, हेलिकॉप्टर डोक्यावर, आणि मार्कोसही शोधात उतरले. सापडलं कोणी नाही. पण त्या दिवशी पोरांचं बोलणं कोणी हसण्यावारी नेलं नाही, हे मला मोठं वाटतं.

मंदार_कोथरूड

धन्यवाद कारंजेकर. सागर प्रहरी हे नावच मला माहीत नव्हतं.

निवृत्त_डायव्हर

मी मार्कोस नव्हतो, आधीच सांगतो. नौदलात डायव्हर होतो, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो. कमांडोही पाण्याखालचं काम तिथेच शिकतात, म्हणून पाण्याबद्दल बोलतो. बाकी ज्याचं त्याने सांगावं.

हौशी डायव्हरच्या तोंडातून बुडबुडे निघतात. शत्रूच्या बंदरात बुडबुडा म्हणजे तुमचा पत्ता. म्हणून कमांडो जे यंत्र वापरतात त्यातून श्वास बाहेर सोडलाच जात नाही. छातीवर पिशवी, एक छोटी ऑक्सिजनची बाटली आणि सोडा लाइमचा डबा. तुम्ही सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तो चुना शोषतो आणि उरलेली हवा परत तुम्हालाच मिळते. पाण्यावर काहीही दिसत नाही.

आता यातली गोम. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा वागतो. ओठ फडफडायला लागतात, मग आकडी, आणि पाण्याखाली आकडी म्हणजे संपलं. म्हणजे खोल जायचं नाही आणि वरही दिसायचं नाही, मधल्या त्या पट्टीतच तासन् तास राहायचं. डब्यात पाणी शिरलं तर चुन्याचं जळजळीत पाणी तोंडात येतं. एकदा ज्याने ती चव घेतली तो नळीचा सांधा तीनदा तपासल्याशिवाय पाण्यात उतरत नाही.

रात्री गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. दोघांची जोडी असते, दोघांमध्ये हाताएवढी दोरी. पुढच्याच्या हातात एक पाटी, तिच्यावर होकायंत्र, खोलीमापक आणि घड्याळ. पायाचे फटके मोजत अंतर काढायचं. बोलणं सगळं दोरीच्या हिसक्यांनी. ताकद लागतेच, पण ज्यांना मी शेवटपर्यंत टिकलेलं पाहिलं ते शांत डोक्याचे होते. दांडगी पोरं पहिल्या आठवड्यात घाबरून वर आलेली पाहिली आहेत.

इतिहासवेडी

काका, हा प्रतिसाद दोनदा वाचला!

मार्कोसच्या आधीची एक गोष्ट मराठी माणसाला माहीत हवी. १९७१ च्या युद्धाआधी बंगालमध्ये प्लासीजवळ, भागीरथीच्या काठी, आपल्या नौदलाने गुप्त छावणी उभारली. पाकिस्तानी नौदलाची 'मांग्रो' ही पाणबुडी फ्रान्समध्ये तूलाँला होती, तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक निसटून भारतात आले होते. त्यांच्यापासून सुरुवात झाली. पुढे चारशेहून जास्त बंगाली तरुण शिकले. बहुतेक शेतकऱ्यांची आणि कॉलेजातली पोरं, नदीकाठी वाढलेली. पोटाला गमछ्याने वजन बांधून प्रवाहाविरुद्ध तासन् तास पोहायचं.

१५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत ही मुलं एकाच वेळी पाण्यात उतरली. इशारा होता आकाशवाणी कोलकातावरून वाजणारी ठरलेली गाणी. लिंपेट माइन म्हणजे लोहचुंबकाने जहाजाच्या बुडाला चिकटणारा सुरुंग. त्याच्या फ्यूजमध्ये पाण्यात विरघळणारी गोळी असायची, आणि ती वेळेआधी भिजू नये म्हणून तिच्यावर निरोध चढवत. शेवाळ आणि शिंपले खरवडून लोखंड उघडं करायचं, सुरुंग चिकटवायचा, ते आवरण काढायचं आणि प्रवाहाबरोबर निघून जायचं. एका रात्रीत पूर्व पाकिस्तानचा जलमार्ग धोक्याचा झाला. परदेशी जहाजं तिकडे यायला कचरू लागली.

या कामाची सूत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅप्टन मोहन नारायण राव सामंत, त्या वेळी कमांडर. १९६९ मध्ये आयएनएस करंज ही पाणबुडी दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच. डिसेंबर १९७१ मध्ये पद्मा, पलाश आणि पनवेल या छोट्या गनबोटी घेऊन ते मोंगला आणि खुलनापर्यंत आत घुसले. तिथे आपल्याच विमानांनी चुकून हल्ला केला, पद्मा आणि पलाश गेल्या. सामंतांनी पनवेल वाचवली, पाण्यातली माणसं उचलली. महावीरचक्र मिळालं. २०१९ मध्ये मुंबईत वारले. आपल्याकडे शाळेतल्या किती मुलांना हे नाव माहीत असेल, असा विचार मला फार छळतो.

निवृत्त_डायव्हर

ताईंनी १९७१ काढलंच आहे, तर किनारा टेहळणीचं सांगतो. युद्ध संपता संपता पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर गुरखा सैनिक उतरवायचे होते. जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं. किनारा आला असं वाटलं, पण दांड्याच्या पुढे पाणी पुन्हा खोल होतं. पाठीवर ओझं, अंगावर हत्यार. उतरलेल्यांतले काही जवान बुडाले. शत्रूची एक गोळी न लागता.

म्हणून आदल्या रात्री कोणीतरी पोहत जाऊन दोरीला गाठी मारून उतार मोजायचा असतो. वाळू पिशवीत भरून आणायची, ट्रकचं चाक रुतेल का ते बघायला. भरतीची वेळ, ओढ, खडक, सगळं पाटीवर लिहायचं, आणि उजाडायच्या आत परत. यावर रील होणार नाही. भाच्याला एवढं एक काम नीट समजलं तरी पुष्कळ आहे.

शमा_पणजी

दोन भर. एक, श्रीलंकेतलं जाफना. ऑक्टोबर १९८७, दल उभं राहून वर्षही झालं नव्हतं. लेफ्टनंट अरविंद सिंग अठरा जणांना घेऊन लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेच्या ताब्यातल्या गुरुनगर धक्क्यापर्यंत गेले. उथळ पाणी, शहर उशाशी. स्फोटकं लावली, धक्का उडवला आणि सगळे परत आले. महावीरचक्र.

दोन, काश्मीर. समुद्र नसलेल्या ठिकाणी नौदल कशाला, असं अनेकांना वाटतं. वुलर सरोवर एवढं मोठं आहे की अतिरेकी रस्त्यावरचे तपासणी नाके टाळून नावेतून पलीकडे जायचे. १९९५ पासून मार्कोस तिथे आहेत. नौदलात दाढी ठेवायची मुभा असते, त्यामुळे तिथले लोक त्यांना 'दाढीवाला फौज' म्हणू लागले.

पूजा_सातारा

मुलींना जाता येतं का?

शमा_पणजी

हो. डिसेंबर २०२२ मध्ये नौदलाने हे दार उघडल्याची बातमी आली होती. स्वेच्छेने पुढे यायचं, आणि निकष सगळ्यांना तेच.

सेकंडमेट_विजयदुर्ग

'रुएन'बद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आम्हा जहाजी लोकांना ही मोहीम फार जवळची वाटते.

माल्टाच्या झेंड्याखालचं हे जहाज डिसेंबर २०२३ मध्ये चाच्यांनी पळवलं. तीन महिने खलाशी त्यांच्या ताब्यात. इथे सिटाडेलचा आसरा उरला नव्हता, १७ माणसं चाच्यांच्या बंदुकीसमोर होती. चाचे त्याच जहाजाचा तळासारखा वापर करून दुसरी जहाजं गाठायला निघाले होते. आयएनएस कोलकाताने ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर अडवलं. चाच्यांनी नौदलाचा ड्रोन पाडला, युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या. नौदलाने मोजून मारा केला तो जहाजाच्या स्टिअरिंगवर आणि दिशादर्शक यंत्रणेवर, म्हणजे ते जागच्या जागी लुळं पडलं. मग वायुदलाच्या सी-१७ विमानातून दोन बोटी आणि मार्कोस पॅराशूटने समुद्रात उतरले.

विचार करा, भर समुद्रात विमानातून उडी, पाण्यात पडल्यावर छत्रीची दोरी सोडवायची, बोट शोधायची, तिच्यात चढायचं, आणि त्यानंतर खरं काम सुरू. सगळी मोहीम जवळजवळ ४० तास चालली. १६ मार्च २०२४ ला ३५ चाचे शरण आले आणि १७ च्या १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला त्या ३५ जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं.

त्याच वर्षी आपल्या नौदलाने 'अल नईमी' या इराणी मासेमारी बोटीवरून १९ पाकिस्तानी मच्छीमारही सोडवले. समुद्रावर आम्ही असंच शिकतो. बुडणाऱ्याचा पासपोर्ट विचारायचा नसतो.

मंदार_कोथरूड

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. पण एक प्रामाणिक मत: त्याच शेजाऱ्यांनी २६/११ घडवलं, हे विसरून कसं चालेल?

कारंजेकर

मंदारभाऊ, विसरलेलं कोणीच नाही, आम्ही तर नाहीच. पण बोट फुटलेल्या मच्छीमाराला आणि त्या दहा जणांना एका मापात घालू नका. आमचीही माणसं वादळात भरकटून पलीकडे गेली आहेत, तिथल्या तुरुंगात बसली आहेत. समुद्रात रेषा आखलेली नसते.

मंदार_कोथरूड

पटलं. शब्द मागे घेतो.

निवृत्त_डायव्हर

भाच्यासाठी व्यवहाराचं. मार्कोसमध्ये बाहेरून थेट भरती नाही. आधी नौदलात नौसैनिक किंवा अधिकारी व्हायचं, मग स्वेच्छेने नाव द्यायचं. सुरुवातीला तीन दिवसांची चाचणी, तिथेच बरेच गळतात. पुढे पाच आठवडे झोप तोडून, चिखलातून, पाण्यातून घेतलेली कसोटी. त्यानंतर खरं शिक्षण: आग्र्याला पॅराशूट, कोचीला डायव्हिंग, मिझोरममध्ये वैरेंगटेला जंगलयुद्ध. सगळं धरून दोनेक वर्षं. निवड न झालेला मुलगा वाया जात नाही, तो नौदलात असतोच.

आत्तापासून एकच कर, बाळा: पोहणं. तलावात नको, खाडीत आणि समुद्रात, जाणत्या माणसाबरोबर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सुरुवात कर, उधाणाला पाण्यात जाऊ नकोस.

रत्नांगी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा पूर्ण धागा भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. प्लासीच्या पोरांपाशी त्याने मोबाईल खाली ठेवला. कॉक्स बाजारपाशी म्हणाला, "त्यांना आधी कोणी मोजून सांगितलं नाही का?"

भावालाही धागा पाठवला. त्याने लिहिलं की मागच्या फेरीच्या सरावात मोजणी एकाने कमी भरली. शिकाऊ पोरगा घाईत चुकीच्या जिन्याने उतरला होता. तो सापडेपर्यंतची चार मिनिटं आपल्याला अजून आठवतात, असं म्हणाला. आईला हे मी सांगितलेलं नाही.

डायव्हर काका, भाच्याचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे, त्याच्याच शब्दांत: "पाण्याखाली अंधारात भीती वाटली तर काय करायचं?"

निवृत्त_डायव्हर

दोरीला एक हिसका द्यायचा, बाळा. त्याचा अर्थ 'ठीक आहेस का?' पलीकडून एक हिसका परत आला की पुढचा फटका मारायचा. नाही आला, तर पुन्हा एकदा. तरी नाही आला, तर दोरी न सोडता हाताने चाचपत त्याच्यापर्यंत जायचं, आणि दोघांनी मिळून वर यायचं.